वारा अंगावर घेणारे

सायकल शर्यतीचं कौतुक होतं ते डोंगरात. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो. ‘सपाटीचा राजा’ असा किताब कुणाला दिल्याचं ऐकिवात नाही. टूर द फ्रान्सवरची पुस्तकं उघडली तरी तेच. गॅलिबिए, तुर्माले, आल्प द्युएझ यांवर प्रकरणंच्या प्रकरणं, आणि सपाट टप्प्याच्या वाट्याला अर्धं पान. यात फार मोठा अन्याय आहे असंही नाही. पाच तास सूर्यफुलांची शेतं, हेलिकॉप्टरमधून दिसणारे वाडे-किल्ले, चार-पाच जण पुढे पळालेले आणि मागे दीडशे-पावणेदोनशे जणांचा घोळका निवांत गप्पा मारत चाललेला. जे घडायचं ते शेवटच्या दहा मिनिटांत घडतं आणि निकाल लागतो तो शेवटच्या दहा-बारा सेकंदांत.

पण त्या दहा मिनिटांना स्वतःचा इतिहास आहे. जिंकणाऱ्यांच्या नावांनी तो सांगितला जातो. मला मात्र तो त्यांच्या पुढे राहून वारा अंगावर घेणाऱ्यांचा वाटतो.

ताशी पन्नास किलोमीटरच्या वर गेलं की सायकलस्वाराचा खरा वैरी रस्ता नसतो, वारा असतो. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला वीतभर अंतर ठेवून चाललं तर तिसरा हिस्सा ताकद वाचते; घोळक्याच्या पोटात त्याहूनही जास्त. म्हणूनच सकाळी पुढे पळालेले चार जण संध्याकाळी बहुधा सापडतात. रोबेर शापात नावाचे एक फ्रेंच गृहस्थ आधी शर्यती धावले आणि नंतर टेलिव्हिजनवर समालोचन करू लागले. घोळक्याने मनावर घेतलं तर दर दहा किलोमीटरला एक मिनिट भरून निघतं, हा त्यांचा ठोकताळा. तीस किलोमीटर उरले असताना पळपुट्यांकडे तीन मिनिटं नसतील, तर त्यांनी आशा सोडावी. स्प्रिंटर बाळगणारे संघ हे गणित मुद्दाम ताणून ठेवतात. पळालेल्यांना फार लवकर पकडलं तर नवे पळतील, म्हणून त्यांना शेवटच्या सात-आठ किलोमीटरपर्यंत समोर लोंबकळत ठेवायचं. पाहणाऱ्याला तो थरार वाटतो. असतो तो हिशेब.

जुन्या काळात हा हिशेब पळालेल्यांना पकडण्यापर्यंतच चाले. त्यानंतरचं ज्याचं त्याने पाहायचं. 1950 च्या दशकातला आंद्रे दारिगाद त्या पिढीतला सर्वांत मोठा. टूरचे 22 टप्पे त्याच्या नावावर. धडाडीचा, सोनेरी केसांचा, सगळ्या फ्रान्सचा लाडका. 1958 साली पॅरिसच्या पार्क दे प्रँस मैदानावर शेवटच्या टप्प्याचा स्प्रिंट चालू असताना तिथले एक अधिकारी, काँस्ताँ वूतेर, धावपट्टीच्या फार आत आले आणि दारिगाद पूर्ण वेगात त्यांच्यावर आदळला. दारिगाद वाचला, वूतेर काही दिवसांनी गेले. सपाट टप्प्याचा शेवट हा पोरखेळ नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. पण ते कुणाचा तरी दुर्दैवी योग म्हणून सोडून दिलं गेलं.

पुढे 1976 मध्ये बेल्जियमच्या फ्रेडी मार्टेन्सने एकाच टूरमध्ये 8 टप्पे जिंकले आणि दुसऱ्या वर्षी स्पेनच्या व्हुएल्टात 13. फ्लांड्रिया संघात त्याच्या पुढे मार्क डेमायर असे. हा डेमायर साधासुधा पाणक्या नव्हता. 1976 चीच पॅरिस–रूबे, म्हणजे दगडी फरसबंदीवरची ती कर्दनकाळ शर्यत, त्याने स्वतः जिंकली होती. असा माणूस दुसऱ्यासाठी वारा खायला तयार होतो, तेव्हा धंद्याचं काहीतरी बदललेलं असतं. ऐंशीच्या दशकात डच यान रासने आपल्या सुपरकॉन्फेक्स संघात यांपॉल व्हान पॉपेलसाठी हीच रीत आणखी पक्की केली. दोन-तीन जण ओळीने पुढे, शेवटी स्प्रिंटर. पण ही ओळ शेवटच्या एखाद-दीड किलोमीटरपुरतीच असे. त्याआधी आणि कित्येकदा त्यानंतरही धक्काबुक्की, कोपर, डोकं, जर्सी ओढणं, सगळं चाले.

या धक्काबुक्कीचा बादशहा ताश्कंदहून आला. जमोलिदीन अब्दुजापारोव्ह. सायकल दोन्ही बाजूंना जोरजोरात झुलवत, मान खाली घालून तो अशा तऱ्हेने धावे की शेजारच्याने ब्रेकवर बोट ठेवावं. 28 जुलै 1991 रोजी शाँझेलिझेवर टूरचा शेवट होत होता, हिरवी जर्सी त्याच्याच अंगावर होती. ही जर्सी एकूण वेळेवर नाही, टप्प्यांमधल्या क्रमांकांच्या गुणांवर मिळते. सपाटीच्या पहिलवानांचं तेच मुख्य वैभव. मान खाली घालून तो कडेच्या कठड्यांच्या इतका जवळ गेला की जाहिरातीचा भलामोठा कोका-कोलाचा डबा त्याच्या आड आला आणि तो हवेत कोलांटी खाऊन डांबरावर आपटला. कुणी ढकललं नव्हतं, कुणाची चूक नव्हती. टप्पा जिंकला दिमित्री कोनिशेव्हने. अब्दुजापारोव्हला रेषा ओलांडल्याशिवाय जर्सी मिळणार नव्हती. मोडलेल्या खांद्याने, डॉक्टरांच्या आधाराने त्याने ते उरलेले मीटर पार केले आणि जर्सी राखली. पुढे 1993 मध्ये त्याच रस्त्यावर तो जिंकलाही. 1997 मध्ये उत्तेजक चाचणीत सापडून टूरबाहेर पडला, हेही त्याच माणसाचं चरित्र.

मग आर्मेंतिएर आलं.

3 जुलै 1994. टूरचा पहिला मोठा टप्पा, लीलपासून आर्मेंतिएरपर्यंत, 234 किलोमीटर. उत्तर फ्रान्समधला सपाट मुलूख, अरुंद गावठी रस्ता, दोन्ही बाजूंना लोक. कठड्यांच्या आत बंदोबस्ताचे पोलीस उभे. घोळका शेवटच्या सरळ रस्त्यावर आला तेव्हा त्यांतला एक पोलीस हातात कॅमेरा घेऊन फोटो टिपायला एखादं पाऊल पुढे झुकला. कॅमेऱ्याच्या भिंगातून सगळंच लांब दिसतं. बेल्जियमचा राष्ट्रीय विजेता विल्फ्रीड नेलिसेन मान खाली घालून, सगळा जोर पेडलवर देऊन त्याच कडेने येत होता. त्याने पोलिसाला पाहिलं नाही, पोलिसाने त्याला पाहिलं नाही. साठाच्या वर वेग असताना दोघे एकमेकांवर आदळले. मागे होता फ्रान्सचा लोराँ जालाबेर. त्याला चुकवायला जागाच नव्हती. तो उडून पडला, दात गेले, चेहरा रक्ताने भरला. इटलीचा फाबियानो फोंतानेल्ली, आणखीही काही जण त्या ढिगात. आणि या सगळ्या प्रकारातून सहीसलामत पुढे निघून टप्पा जिंकला कोणी, तर ज्याच्या शेजारी धावायला लोक घाबरत त्या अब्दुजापारोव्हने.

नेलिसेन परत उभा राहिला, पण 1996 च्या गेंट–वेव्हेलगेममध्ये रस्त्याकडेच्या खुंटावर आदळून त्याचा पाय असा मोडला की खेळ संपल्यात जमा झाला. जालाबेरची गोष्ट वेगळी. 1992 ची हिरवी जर्सी त्याची, 1994 च्याच वसंतात व्हुएल्टाचे सात टप्पे त्याचे. स्प्रिंटर म्हणूनच त्याचं नाव होतं. आर्मेंतिएरनंतर तो गर्दीच्या स्प्रिंटपासून बाजूला सरकत गेला. दुसऱ्या वर्षी त्याने अख्खी व्हुएल्टा जिंकली, आणि 2001 व 2002 मध्ये टूरमधली लाल ठिपक्यांची जर्सी, म्हणजे तिथलं घाटाच्या राजाचं पद. सपाटीवर तोंड फुटलं आणि डोंगरात नशीब उघडलं, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आर्मेंतिएरमुळे स्प्रिंटची ट्रेन, म्हणजे स्प्रिंटरपुढची ती ओळ, जन्माला आली, असं म्हटलं तर गोष्ट छान जुळते, पण ते खरं नाही. ट्रेन आधीपासून होती. खरं इतकंच की त्या वर्षांत हाणामारीला कंटाळलेल्या, किंवा तिला घाबरलेल्या लोकांना एक वेगळा मार्ग हवा होता. तो दाखवला एका अत्यंत नखरेल माणसाने.

मारिओ चिपोल्लिनी, तस्कनीतल्या लुक्काचा. उंचापुरा, केसांना तेल लावलेला, सिनेमात शोभावा असा. 1999 च्या टूरमध्ये विश्रांतीच्या दिवशी हा गडी ज्युलियस सीझरचा झगा घालून आला. नियमबाह्य रंगाचे कपडे घालून दंड भरणं हा त्याचा शौक होता आणि त्याच्या प्रायोजकांना तो दंड जाहिरातीपेक्षा स्वस्त पडत असावा. या दिखाऊपणामागे मात्र लष्करी शिस्त होती. कॉफीची यंत्रं बनवणाऱ्या सायेको कंपनीच्या लाल जर्सीतला त्याचा संघ पाच-सहा किलोमीटर उरले की पुढे येई आणि रस्ता ताब्यात घेई. सुरुवातीच्या वर्षांत सिल्व्हिओ मार्तिनेल्लो, जो 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवर सुवर्णपदक घेऊन आला, आणि सर्वांत शेवटी, चिपोल्लिनीच्या लगेच पुढे, जानमात्तेओ फान्यिनी.

पद्धत ऐकायला सोपी आहे. पहिला माणूस जीव तोडून पेडल मारतो, मिनिटभराने पाय जड झाले की बाजूला होतो. दुसरा त्याहून किंचित जास्त वेगाने पुढे नेतो, मग तिसरा. वेग कुठेही कमी व्हायचा नाही, हीच सगळी कला. पंचावन्न, साठ, पासष्ट. इतक्या वेगात मागून कुणी हल्ला करायचा म्हटलं तर त्याला सत्तर गाठावे लागतात, तेही एकट्याने, वाऱ्यात. म्हणजे वेग हाच पहारेकरी. शेवटचे दोनशे मीटर उरले की फान्यिनी बाजूला होई आणि तोवर एकदाही वारा न लागलेला चिपोल्लिनी मोकळ्या रस्त्यावर सुटे. रेषेआधी हात वर, त्याआधी जर्सीची चेन गळ्यापर्यंत ओढलेली, कारण छातीवरचं प्रायोजकाचं नाव फोटोत यायला हवं. कंपन्यांना हे गणित नेमकं कळलं. टप्पा जिंको न जिंको, शेवटची दहा मिनिटं आपल्या नावाची ओळ कॅमेऱ्यासमोर राहते.

धक्काबुक्की थांबली का? नाही. ती एक जागा मागे सरकली. आता भांडण पहिल्या क्रमांकासाठी नव्हतं, चिपोल्लिनीच्या मागच्या चाकासाठी होतं.

1999 साली लावाल ते ब्लुआ या 194.5 किलोमीटरच्या टप्प्यात पाठीवर वारा होता. ताशी 50.355 किलोमीटरच्या सरासरीने चिपोल्लिनी जिंकला. टूरमधल्या साध्या, म्हणजे सगळ्यांनी एकत्र धावायच्या टप्प्यांत हा वेग आजही कुणी ओलांडलेला नाही. त्यानंतरचे तीन दिवसही त्याचेच ठरले. त्यांतला मोब्यूजचा टप्पा आधी रेषा ओलांडणाऱ्या टॉम स्टील्सला बाद केल्यामुळे मिळाला. सलग चार टप्पे 1930 नंतर कुणी घेतले नव्हते. मग आल्प्स आले आणि महाराज घरी गेले. 12 टप्पे जिंकूनही चिपोल्लिनीने एकही टूर पॅरिसपर्यंत पुरी केली नाही. हिरवी जर्सी घेऊन जायचा जर्मनीचा एरिक त्साबेल, 1996 ते 2001 सलग सहा वर्षं. त्याच्या टेलिकॉम संघाचं लक्ष एकूण विजेत्याच्या पिवळ्या जर्सीवर असल्याने त्याला धड ट्रेनही नसे. दुसऱ्यांच्या चाकांवरून उड्या मारत तो दुसरा-तिसरा येई, डोंगरही कण्हत चढे आणि गुण साठवी. 2000 मध्ये टेलिकॉमने फान्यिनीलाच आपल्याकडे ओढलं. वारा खाणाऱ्याला बाजारभाव आला, तो असा. त्याच त्साबेलने पुढे 2007 मध्ये थोडं आणि 2013 मध्ये बरंच काही कबूल केलं, की त्या वर्षांत तो उत्तेजकं घेत होता. त्या दशकातले वेग वाचताना हे मनात ठेवावंच लागतं.

2003 च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीच्या मोठ्या शर्यतीत, चिपोल्लिनीने आपला 42 वा टप्पा जिंकून आल्फ्रेदो बिंदाचा 41 चा जुना विक्रम मोडला. पण त्याच जिरोत आलेस्सांद्रो पेताक्कीने सहा टप्पे घेतले, चंदेरी जर्सीतल्या फास्सा बोर्तोलोच्या ट्रेनवर बसून. पुढच्या वर्षी नऊ. कारभार चोख होता आणि, माझ्या मते, पाहायला अत्यंत कंटाळवाणा. निकाल एक किलोमीटर आधीच ठाऊक असायचा.

त्या कंटाळ्यातून सोडवलं आइल ऑफ मॅन या इवल्याशा बेटावरच्या, कधीकाळी बँकेत नोकरी केलेल्या, ठेंगण्या मुलाने. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत मार्क कॅव्हेंडिशचे आकडे काही डोळे दिपवणारे नसत. तो हँडलवर इतका खाली वाकून धावे की वाऱ्याला त्याचं अंग सापडतच नसे. त्याच्या संघातून टी-मोबाइल कंपनीने उत्तेजकांच्या प्रकरणांना वैतागून 2007 अखेर अंग काढून घेतलं, तेव्हा त्याच संघाचे अवशेष नव्या नावाने उभे राहिले; कोलंबिया, मग एचटीसी. 2008 मध्ये चार टप्पे, 2009 मध्ये सहा, मग पाच, पुन्हा पाच. या ट्रेनमध्ये टोनी मार्टिन होता, जो 2011 मध्ये टाइम ट्रायलचा विश्वविजेता झाला. जॉर्ज हिंकॅपी होता, बर्नहार्ड आयझेल होता. आणि शेवटच्या जागी ऑस्ट्रेलियाचा मार्क रेनशॉ.

रेनशॉ पाहायचा असेल तर 2009 चा शाँझेलिझे पाहावा. प्लास द ला काँकॉर्डच्या शेवटच्या वळणाआधी हिंकॅपीने प्रतिस्पर्धी गार्मिनची ओळ मागे टाकली, आणि ते वळण रेनशॉने अशा वेगात घेतलं की मागच्यांना चाक धरताच आलं नाही. वळण संपलं तेव्हा रस्त्यावर दोघेच होते. कॅव्हेंडिश निघाला, जिंकला. आणि त्याच्या मागे, वारा खाऊनही दुसरा आला तो रेनशॉ. वारा तोडणारा माणूस जगातल्या बाकी सगळ्या स्प्रिंटरांच्या पुढे! पुढच्या वर्षी बूर्ग-ले-व्हालाँसला याच रेनशॉने शेजारून दाबत येणाऱ्या जुलियन डीनला डोक्याने तीनदा ढुशा मारल्या आणि मग टायलर फरारची वाट अडवली. टप्पा कॅव्हेंडिशला मिळाला, रेनशॉला टूरमधून हाकललं. शिक्षा योग्य होती. पण त्या ढुशांचा फायदा ज्याला झाला त्याचा क्रमांक जागचा हलला नाही, हेही नोंदवून ठेवावं.

2011 मध्ये कॅव्हेंडिशला अखेर हिरवी जर्सी मिळाली आणि त्याच वर्षाअखेरीस प्रायोजक न मिळाल्याने संघ मोडला. जगातला सर्वांत जास्त जिंकणारा संघ पैशाअभावी बंद पडतो, हा या खेळाचा कायमचा विनोद. माणसं मात्र वाया गेली नाहीत. ती सगळीकडे पांगली आणि जिथे गेली तिथे विद्या घेऊन गेली. आता प्रत्येक संघाला ट्रेन हवी होती. एकाच रस्त्यावर पाच-सहा ओळी, शिवाय पिवळ्या जर्सीच्या दावेदारांना अपघातापासून दूर ठेवायला त्यांचे संघही पुढेच. शेवटचे तीन किलोमीटर उरल्यावर पडलं तर वेळ कापली जात नसे, हा नियम 2005 पासून होता. तरी त्या तीनपर्यंत पुढे राहायची चढाओढ कमी होत नव्हती. एका ट्रेनची हुकूमशाही कंटाळवाणी खरी, पण तिने रस्ता शांत ठेवला होता. आता पुन्हा सगळे एकमेकांच्या अंगावर.

याची किंमत कातोवित्सेत चुकवली गेली. 5 ऑगस्ट 2020, टूर ऑफ पोलंडचा पहिला टप्पा. तिथला शेवट उतारावर. वेग ऐंशीच्या घरात जाई. खेळाडू वर्षानुवर्षं तक्रार करत होते, आयोजकांना मात्र आकडे आवडत. डिलन ग्रूनेवेगेनने आपली रेष सोडली आणि फाबियो याकोबसेनला कठड्यात दाबलं. कठडे पत्त्यासारखे उधळले. याकोबसेन कोमात ठेवला गेला, तोंडातले बरेच दात गेले. ग्रूनेवेगेनवर नऊ महिन्यांची बंदी आली. उताराची शिक्षा मात्र कुणालाच झाली नाही.

दोघेही परतले. 2021 मध्ये याकोबसेनने व्हुएल्टात तीन टप्पे आणि गुणांची जर्सी घेतली. 2022 च्या टूरमध्ये डेन्मार्कमधल्या न्यूबोर्गला टप्पा जिंकला याकोबसेनने. दुसऱ्याच दिवशी, 3 जुलैला, सोनरबोर्गला जिंकला ग्रूनेवेगेन. रेषेवर सायकल पुढे फेकून, बोटभर फरकाने. त्याहूनही बारीक फरक नोंदलेला आहे: 2017 मध्ये नुई-साँ-जॉर्जला मार्सेल किटेलने एडवाल्ड बोआसन हागेनला सहा मिलिमीटरने हरवलं. 213 किलोमीटरनंतर सहा मिलिमीटर.

कॅव्हेंडिशचं तोवर संपलं असंच सगळे धरून चालले होते. आजार, नैराश्य, अपघात. 2021 मध्ये संघाचा स्प्रिंटर सॅम बेनेट जायबंदी झाला म्हणून ऐनवेळी त्याला टूरमध्ये घेतलं, आणि त्याने चार टप्पे जिंकून एडी मर्क्सच्या 34 टप्प्यांच्या विक्रमाची बरोबरी केली. 2023 मध्ये खांद्याचं हाड मोडून घरी. निवृत्तीची घोषणा झालेली होती, ती मागे घेतली. 2024 च्या टूरच्या पहिल्याच दिवशी इटलीच्या उन्हात त्याला उलट्या झाल्या, वेळेच्या मर्यादेत कसाबसा पोचला. चार दिवसांनी, 3 जुलैला, साँ-व्हुलबा गावी तो 39 वर्षांचा गडी 35 वा टप्पा जिंकला. (आर्मेंतिएरला त्या दिवशी बरोबर तीस वर्षं झाली होती; योगायोग, दुसरं काही नाही.) त्याच्या आस्तानाने मिकेल मर्कोव्हला, या पिढीतल्या सर्वांत नावाजलेल्या, पुढे राहून वारा खाणाऱ्या माणसाला, खास त्याच्यासाठी आणलं होतं. पण शेवटच्या किलोमीटरमध्ये ओळ विस्कटली आणि कॅव्हेंडिश एका चाकावरून दुसऱ्या चाकावर, परक्यांचा आडोसा घेत, यास्पर फिलिप्सेनच्या बाजूने निसटला. ट्रेनचा सर्वांत मोठा प्रवासी शेवटचा विक्रम पायी चालत आल्यासारखा करून गेला.

आयोजकांना आता सपाट शेवट नकोसा झाला आहे, हे लपून राहिलेलं नाही. शाँझेलिझेवर टूर पहिल्यांदा संपली 1975 मध्ये आणि वॉल्टर गोडेफ्रूट जिंकला. तेव्हापासून काही अपवाद सोडले तर तो रस्ता स्प्रिंटरांचा. तीन आठवडे डोंगरात हाल सोसायचे ते या एका संध्याकाळसाठी. 2025 मध्ये, त्याच रस्त्याच्या पन्नाशीला, आयोजकांनी मोंमार्त्रची फरसबंद चढण तीनदा घातली. पावसात वाउट व्हान आर्टने शेवटच्या चढावर तादेय पोगाचारला मागे टाकलं आणि शाँझेलिझेवर एकटाच आला. दृश्य देखणं होतं, गर्दी अफाट होती, टेलिव्हिजनवाले खूश. हिरवी जर्सी घातलेला योनाथन मिलान आणि त्याच्यासाठी तीन आठवडे वारा खाल्लेले त्याचे सोबती मागून रेषा ओलांडत होते.